पहिला भाग आवडला, पण… : यंग ॲडल्ट फँटसी मालिकेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाचीनं दिलेलं पुस्तक वाचून संपलं, त्या रात्री मी तिला मेसेज केला: "आवडलं. पण." लगेच उत्तर आलं, "पण काय?" त्या "पण"चा छडा लावायला मला तीन आठवडे लागले. तेवढ्यात तिनं, तिच्या मैत्रिणींनी आणि माझ्या वाचणाऱ्या दोस्तांनी जे जे विचारलं, ते सगळं इथे एकत्र केलंय. कथेतले काही तपशील फुटतील, पण शेवटच्या प्रश्नापर्यंत मोठं काही फुटणार नाही.

हे नेमकं कोणत्या पुस्तकाबद्दल चाललंय?

नाव मुद्दाम देत नाही. नाव घेतलं की चाहते एका बाजूला, नाकं मुरडणारे दुसऱ्या बाजूला, आणि पुस्तक बाजूलाच राहतं. शिवाय यातल्या बहुतेक तक्रारी या जातीच्या कुठल्याही पहिल्या भागाला लागू पडतील.

कथा थोडक्यात अशी. नकाशे काढणाऱ्यांच्या कार्यशाळेत शिकणारी सोळा वर्षांची मुलगी. तिनं नकाशावर बोट टेकवलं की त्या जागी त्या क्षणी जे आवाज चालू असतील ते तिला ऐकू येतात. बाजारावर बोट ठेवलं तर गलका, नदीवर ठेवलं तर पाणी. मात्र प्रत्येक वेळी तिची एक आठवण कायमची जाते, आणि कोणती जाणार हे तिच्या हातात नसतं. कल्पना मला एकदम पटली. अशी कल्पना सुचलेल्या लेखिकेचे पुढचे बरेच गुन्हे मी माफ करायला तयार होते. तिनं माझी बरीच परीक्षा पाहिली.

एका वाक्यात सांगा, आवडलं की नाही?

मधली दीडशे पानं फार आवडली, सुरुवातीची शंभर सोसली आणि शेवटच्या साठांवर मी चिडले.

यंग ॲडल्ट म्हणजे नक्की कोणासाठी? मोठ्यांनी वाचावं का?

ग्रंथालयांच्या जगात साधारण १२ ते १८ वर्षं हा वयोगट धरतात. प्रत्यक्षात ही पुस्तकं वाचणाऱ्यांत तिशी-चाळिशीतले लोक भरपूर असतात, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. माझ्या मते या प्रकाराची खरी खूण वाचकाच्या वयात नसून निवेदकाच्या अंतरात आहे. मोठ्यांच्या कादंबरीत सोळाव्या वर्षाकडे बऱ्याचदा मागे वळून पाहिलं जातं. इथे आपण त्या सोळाव्या वर्षाच्या आत बसलेलो असतो आणि उद्या काय होणार हे त्या मुलीइतकंच आपल्यालाही माहीत नसतं. म्हणूनच भावना इतक्या उंच सुरात असतात. तो सूर सोसत नसेल तर दोष पुस्तकाचा नाही. आपण चुकीच्या खोलीत शिरलो, एवढंच.

पहिली शंभर पानं इतकी जड का जातात?

कारण नमनाला घडाभर तेल जातं. लेखिकेला एकाच वेळी चार गोष्टी करायच्या असतात: नवं जग उभं करायचं, त्यातल्या जादूचे नियम सांगायचे, पात्रांची ओळख करून द्यायची आणि पुढच्या तीन-चार भागांसाठी बिया पेरायच्या. साध्या कादंबरीत "तो स्टेशनवर उतरला" म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर स्टेशन येतं. इथे स्टेशनसुद्धा आधी बांधावं लागतं.

तरीही सगळी सबब ऐकून घेता येत नाही. या पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात मी पेन्सिल घेऊन खुणा केल्या: सतरा विशेषनामं! त्यात तीन राजघराणी, दोन महिन्यांची नावं, एक युद्ध, एक तह आणि एका मेलेल्या सेनापतीचा घोडा. हा घोडा पुढे कुठेही येत नाही. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची दिलीय आणि सुरुवातीला नकाशा. (नकाशांबद्दलच्या पुस्तकातला हा नकाशा इतका बारीक छापलाय की बोट ठेवायला जागा नाही, हा विनोद मुद्दाम केला असेल तर मी टोपी काढते.)

जग हळूहळू उलगडता येतं, हे जुन्या लोकांनी करून दाखवलंय. उर्सुला के. ले ग्विन यांचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' १९६८ साली आलं. एका प्रकाशकानं त्यांना किशोरवयीनांसाठी काहीतरी लिहा असं सुचवलं, त्यातून ते जन्मलं. त्यातही बेटांचा भलामोठा समूह आहे, भाषा आहेत, इतिहास आहे. पण आपण बेटं पाहतो ती होडीतून, एकेक करून, नायक जिथे जातो तिथे. जिथे तो गेला नाही ते बेट नुसतं नाव म्हणून क्षितिजावर राहतं आणि त्यामुळे जग आणखी मोठं वाटतं. माझ्या पुस्तकातल्या लेखिकेनं मात्र सगळी बेटं दारातच आणून टाकली.

एक व्यवहारी उपाय सांगते. पहिल्या वाचनात नावं लक्षात ठेवण्याचा प्रयत्नच करू नका. जे नाव महत्त्वाचं असेल ते परत परत येईल. जे परत येत नाही ते घोड्याचं होतं.

पहिल्या भागातले दोष पुढच्या भागात सुधारतात का?

सगळं घोडं इथेच अडतं. (दुसरं घोडं.) "दुसरा भाग वाच, मग कळेल" हे वाक्य प्रत्येक मालिकेचे चाहते म्हणतात. ते अर्धं खरं असतं, आणि कोणतं अर्धं हे आधीच ओळखता येतं असं मला वाटतं.

दोष दोन जातींचे असतात. एक जात ओझ्याची. माहितीचा मारा, मंद सुरुवात, दोन मिनिटं येऊन गायब होणारी पात्रं, खलनायक नुसताच दुरून गुरगुरणारा. पहिल्या भागाला पाया खणायचा असतो, म्हणून हे होतं. दुसऱ्या भागात पाया तयार असतो, त्यामुळे बहुतेकदा हे आपोआप कमी होतं.

दुसरी जात नजरेची. लेखिकेला माणसं दिसतात का? दुय्यम पात्राला स्वतःचं काही हवं असतं, की ते फक्त नायिकेला मदत करायला किंवा तिच्यासाठी मरायला ठेवलंय? संवाद वेगवेगळ्या तोंडांतून येतात, की सगळे एकाच चुरचुरीत आवाजात बोलतात? स्वतः घातलेला नियम लेखिका पाळते का? हे दोष दुसऱ्या भागातही बहुधा तसेच राहतात. उलट पानं वाढली की ते जास्त ठळक होतात. आणि पानं वाढतातच. हॅरी पॉटरचा पहिला भाग (१९९७) मूळ ब्रिटिश आवृत्तीत २२३ पानांचा होता, पाचवा (२००३) ७६६ पानांचा. जे आवडतं ते तिपटीनं मिळणार आणि जे खुपतं तेही.

म्हणून "पण" लागला की मी आता स्वतःला विचारते: हा पण ओझ्याचा की नजरेचा? घोडा ओझ्याचा. शेवटच्या साठ पानांबद्दल मी तीन आठवडे ठामपणे म्हणत होते की तो नजरेचा आहे. त्याबद्दल पुढच्या प्रश्नात, आणि मग अगदी शेवटी.

जादूचा एखादा नियम मोडला तर एवढं काय बिघडलं? जादूच आहे ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला, बहुतेकदा "तू फारच मास्तरकी करतेस" या सुरात. म्हणून एक जागा उलगडून दाखवते.

पान २१२. नायिका घर सोडून चार महिने झालेत. आईची काहीच खबर नाही. एका रात्री ती शहराचा नकाशा पसरते, आपली गल्ली शोधते आणि घरावर बोट टेकवते. तिला आईचा आवाज हवा असतो. खोकला चालेल, भांड्यांचा आवाज चालेल. तिला ऐकू येतो पाऊस आणि गळक्या छपरातून खालच्या पातेल्यात पडणारे थेंब. बस, एवढंच. ती ऐकत राहते. मग तिच्या लक्षात येतं, की थेंब रिकाम्या भांड्यात पडताना जो पोकळ, पत्र्यासारखा आवाज येतो तो हा नाही. हा भरलेल्या पाण्यात थेंब पडल्याचा आवाज आहे. पातेलं काठोकाठ भरलंय, आणि कोणीही ते रिकामं केलेलं नाही.

परिच्छेद तिथे संपतो. आई गेली, पळाली, धरून नेली, काहीही सांगितलेलं नाही. मी पुस्तक मिटून पाच मिनिटं नुसती बसले. या एका पानासाठी मी घोडा माफ केला. आणि त्या पानाला धार येते ती नियमामुळे, कारण हे ऐकण्यासाठी तिनं एक आठवण मोजलेली असते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला आपल्या पहिल्या गुरूचं नाव आठवत नाही.

आता पान ३८० च्या आसपास या. शत्रूचा किल्ला. नायिका किल्ल्याच्या आराखड्यावर अख्खा तळहात फिरवते. चाळीसच्या वर खोल्या एका दमात ऐकते, मित्र कुठे डांबलाय ते शोधते, पहारेकरी चुकवते, सगळे सुखरूप बाहेर. चाळीस खोल्या! आणि हरवलेल्या आठवणींबद्दल अवाक्षर नाही. एका खोलीला गुरूचं नाव गेलं होतं, तर चाळीस खोल्यांना काय काय जायला हवं होतं? मी पानं मागेपुढे करून शोधलं. काही नाही. सगळे शेकोटीभोवती बसून हसतायत.

जादूचा नियम म्हणजे लेखकानं वाचकाला दिलेला शब्द असतो. किंमत मोजावी लागते म्हणूनच आपल्याला काळजी वाटते. ऐन कळसाला किंमत माफ झाली की आधी मोजलेली प्रत्येक किंमत पोरकट वाटायला लागते, ते पातेलंसुद्धा. माझी चिडचिड त्याची होती. मुळातच बिघडलेलं पुस्तक तितकं वाईट वाटत नाही, जितकं चांगलं चाललेलं पुस्तक बिघडल्यावर वाटतं.

नायिका फार चिडचिडी आणि आत्ममग्न वाटते. हे वय आहे की लेखन?

दोन्ही असू शकतं, आणि ओळखायची एक सोपी खूण आहे. तिची चूक होते तेव्हा पुस्तकाला ती चूक दिसते का? सोळाव्या वर्षी माणूस स्वतःभोवतीच फिरत असतो, त्यात खोटं काही नाही. पण ती जिवलग मैत्रिणीला टाकून बोलते, तेव्हा मैत्रिणीचा चेहरा आपल्याला दाखवला जातो, की कॅमेरा नायिकेच्या दुःखावरच खिळून राहतो?

या प्रकारातली बरीच पुस्तकं प्रथमपुरुषात आणि वर्तमानकाळात असतात: मी धावते, मी थांबते, माझा श्वास अडकतो. त्याचा वेग छान असतो, पण विचार करायला उसंत राहत नाही. "तेव्हा मी चुकले" हे म्हणायला भूतकाळ लागतो. त्यामुळे लेखकाला नायिकेची चूक दुसऱ्यांच्या वागण्यातून दाखवावी लागते, आणि ते कौशल्याचं काम आहे. माझ्या पुस्तकात ते निम्म्या वेळा जमलंय. कार्यशाळेतली मैत्रीण एकदा शांतपणे आपली दौत उचलते आणि दुसऱ्या टेबलावर जाऊन बसते. नायिकेला त्याचा अर्थ कळत नाही. आपल्याला कळतो. अशा जागा आणखी हव्या होत्या.

लव्ह ट्रँगलबद्दल काय मत?

एक मुलगा बोलका, एक अबोल. अबोल मुलाच्या जबड्याचं वर्णन अकरा वेळा येतं. माझं मत एवढंच.

शेवट अर्धवट तोडलाय. ही फसवणूक नाही का?

अर्धवट शेवट आणि उघडा शेवट यांत फरक आहे. फिलिप पुलमन यांच्या 'नॉर्दर्न लाइट्स'चा (१९९५) शेवट घ्या. मालिकेतला मोठा प्रश्न सुटत नाहीच, उलट तो हजारपटीनं मोठा होतो. पण त्या पुस्तकापुरता जो प्रवास होता तो पुरा झालेला असतो: मुलगी ज्यासाठी उत्तरेला निघाली होती तिथे ती पोचलेली असते आणि पोचल्यावर काय घडलं हे आपल्याला माहीत असतं. शिवाय ही तीन खंडांतली पहिली गोष्ट आहे हे पुस्तक आरंभीच सांगून टाकतं. इथे फसवणूक कसली?

ले ग्विन यांनी तर वेगळीच वाट घेतली. 'अर्थसी'चा पहिला भाग स्वतःपुरता पूर्ण आहे. नायकानं जे संकट स्वतः ओढवून घेतलं, ते तो स्वतःच निस्तरतो आणि गोष्ट थांबते. दुसऱ्या भागात (१९७१) नायिका वेगळीच आहे आणि पहिल्या भागातला नायक बराच उशिरा, अंधारातून येतो. कोणी तिथेच थांबलं तरी पोट भरतं.

माझ्या पुस्तकाचा शेवट मात्र तोडलेलाच आहे. दारावर थाप पडते, नायिका दार उघडते, "तू?" असं म्हणते आणि पुढे कोरं पान. ही थाप चाळीस पानं आधी पडली असती तरी चाललं असतं. हातचं राखून लिहिणं आणि हात आखडता घेणं यात फरक असतो, आणि तो वाचकाला बरोबर कळतो.

मालिका लिहिणाऱ्यांना शेवट आधीच माहीत असतो का?

काहींना असतो, काहींना लिहिताना सापडतो, आणि काहींना सापडल्यावर मागे जाऊन दुरुस्ती करावी लागते. याचं सर्वांत मजेशीर उदाहरण टॉल्किन यांचं. 'द हॉबिट' १९३७ साली आलं तेव्हा त्यातली अंगठी ही अदृश्य करणारी एक सोयीची वस्तू होती. पाचव्या प्रकरणात अंगठीचा मालक गॉलम, नायक बिल्बोशी लावलेली कोड्यांची पैज हरल्यावर ती अंगठी बक्षीस म्हणून द्यायला राजी असतो, आणि ती सापडत नाही तेव्हा बाहेरचा रस्ता दाखवून भरपाई करतो. पुढे 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही मोठी कथा लिहिताना त्याच अंगठीचं संपूर्ण महाकाव्य झालं. आता तिचा मालक ती हसत हसत देऊन टाकणार कसा? म्हणून १९५१ च्या आवृत्तीत ते प्रकरण बदललं. इतकंच करून ते थांबले नाहीत. जुनी हकिकत म्हणजे बिल्बोनं मारलेली थाप होती, असं त्यांनी नंतर कथेतच गुंफून टाकलं. दोष झाकायचा तर असा.

भागांची संख्याही पक्की नसते. क्रिस्टोफर पाओलिनी यांनी 'एरागॉन' पंधराव्या वर्षी लिहायला घेतलं, घरच्यांनी ते २००२ मध्ये स्वतःच छापलं, पुढच्या वर्षी मोठ्या प्रकाशकाकडून आलं. तीन भाग ठरले होते, झाले चार, आणि चौथा २०११ साली आला. पहिला भाग बाराव्या वर्षी वाचणारं पोर शेवटच्या भागापर्यंत वीस वर्षांचं झालं होतं. एकाच मालिकेबद्दल संमिश्र भावना असण्याचं हेही एक कारण: पुस्तक तेच राहतं, वाचणारी व्यक्ती बदललेली असते.

पहिल्या भागापासूनच सुरुवात करायला हवी का?

शक्यतो हो, पण हा दंडक नाही. सी. एस. लुईस यांच्या नार्निया मालिकेत १९५० साली आधी आलेलं 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब' हे कपाटाचं पुस्तक हल्लीच्या संचांत दुसऱ्या क्रमांकावर असतं, कारण १९५५ साली आलेल्या 'द मॅजिशियन्स नेफ्यू'मध्ये त्या जगाचा जन्म आहे आणि कथेच्या कालक्रमानं ते पहिलं ठरतं. मी प्रकाशनाच्या क्रमाच्या बाजूची. कपाटातल्या कोटांच्या मागे अचानक बर्फ लागतो, ती गंमत जगाची कुंडली आधी वाचली की निम्मी जाते.

कधी कधी पहिल्या मालिकेत जीव रमला नाही तरी त्याच जगातली दुसरी मालिका आवडते. ली बार्डूगो यांची 'शॅडो अँड बोन' (२०१२) मला बेताची वाटली होती. त्याच जगात, वेगळ्या शहरात, वेगळी माणसं घेऊन लिहिलेलं 'सिक्स ऑफ क्रोज' (२०१५) मी दोन दिवसांत संपवलं. तेच जग होतं, पण आता लेखिकेला ते समजावून सांगायची घाई नव्हती.

किती पानांनंतर सोडून द्यावं?

नॅन्सी पर्ल नावाच्या अमेरिकन ग्रंथपाल आहेत, त्यांचा एक नियम वाचकांत प्रसिद्ध आहे: पन्नास पानं वाचा, नाही जमलं तर सोडा. वय पन्नासच्या वर असेल तर शंभरातून वय वजा करा आणि तेवढीच पानं द्या. वय वाढेल तशी पुस्तकाला मिळणारी सवलत कमी होत जाते, हा हिशेब मला फार आवडतो.

पण मालिकेच्या पहिल्या भागाला मी थोडी जास्त मुदत देते, ओझ्याच्या कारणानं. भाचीनं पुस्तक हातात देतानाच बजावलं होतं, "मावशी, शंभराव्या पानापर्यंत ये, मग बोलू." तिचं बरोबर निघालं. सोडायचंच असेल तर अपराधी वाटून घेऊ नका आणि कृपा करून उरलेलं पुस्तक भराभर चाळून "वाचलं" म्हणू नका. चाळलेल्या पुस्तकाबद्दलची मतं सगळ्यात कडक असतात, असा माझा अनुभव आहे. (यातला मीही एक नमुना आहे. शेवटी येईलच.)

ऐकायला बरं की वाचायला?

नावांचा बाऊ वाटत असेल तर ऑडिओबुक. उच्चार कोणीतरी दुसरं सांभाळतं. मात्र नकाशा आणि शब्दसूची हाताशी नसते आणि "मागे काय म्हणाली होती?" हे शोधणं त्रासाचं होतं.

सगळ्यांना प्रचंड आवडलंय, मलाच नाही. माझं काही चुकतंय का?

नाही. पण तुम्ही ते कधी वाचलंत हे पाहा. सगळीकडे कौतुक ऐकून, अपेक्षा छताला लावून उघडलेलं पुस्तक आणि कोणीच न सांगता हाती लागलेलं पुस्तक ही दोन वेगळी पुस्तकं असतात. शिवाय ही तुमची या प्रकारातली पंधरावी मालिका असेल, तर "निवडलेली मुलगी", "गुप्त वारसा", "कडक शिस्तीची शाळा" हे साचे तुम्हाला दिसणारच. ज्याची ही पहिलीच मालिका आहे त्याला ते साचे वाटत नाहीत, त्याला ते शोध वाटतात. त्याचा आनंद खोटा नसतो.

घरातल्या मुलीला हे पुस्तक जीव की प्राण आहे. मला खटकलं ते तिला सांगू का?

सांगा, पण आधी विचारा. मी उलट केलं. पहिल्याच फोनवर भाचीला चाळीस खोल्यांचा हिशेब ऐकवला. पलीकडे शांतता. मग ती म्हणाली, "तुला पातेलं आवडलं का नाही, ते सांग आधी." मी म्हटलं, "आवडलं म्हणजे काय, मी रडले." "मग तिथून सुरुवात करायची ना."

चौदाव्या वर्षी आवडतं पुस्तक म्हणजे निम्मं स्वतःबद्दल बोलणं असतं. तिच्या प्रतीत जागोजाग रंगीत चिकटचिठ्ठ्या लावल्या होत्या. दौत उचलून जाणाऱ्या मैत्रिणीच्या पानावर तिची चिठ्ठी होती: "मी पण असंच केलं असतं." कोणाबरोबर, कधी, ते मी विचारलं नाही. पण पुस्तकाबद्दल बोलता बोलता दहा दिवसांनी तिनंच सांगितलं.

टीका तिला चालते, फक्त ती "तुझं वय झालं की कळेल" या सुरात नको. हा सूर मला माझ्या लहानपणी ऐकवला गेलाय आणि मी ती पुस्तकं अजून जपून ठेवलीत.

मग पाचपैकी किती स्टार?

संमिश्र भावनेचं रेटिंग देणं अवघड, कारण तीन स्टार म्हटलं की लोकांना वाटतं पुस्तक सगळीकडून बेताचं आहे. बेताचं पुस्तक मी दुसऱ्या दिवशी विसरते. हे पुस्तक पानागणिक पाच आणि दोन यांच्यामध्ये हेलकावे खात होतं. म्हणून मी आकडा रिकामा ठेवला आणि तिथे एक ओळ लिहिली: "पान २१२ साठी वाचा, घोडा विसरा."

दुसरा भाग वाचलात का?

हो. इथून पुढे कथा फुटते.

ठरवलं होतं, नाही वाचायचा. माझ्या हिशेबानं चाळीस खोल्यांचा दोष नजरेचा होता, आणि नजर सुधारत नाही. भाचीनं दुसरा भाग न बोलता आणून ठेवला. पहिल्या प्रकरणात नऊ नवी नावं. मी उसासा टाकला.

मग दुसरं प्रकरण. सगळे एका धर्मशाळेत उतरलेत, रात्री पाऊस येतो, छप्पर गळतं. मालकीण खाली पातेलं सरकवते. थेंब पडत राहतात, हळूहळू आवाज बदलतो, पातेलं भरतं. मैत्रीण दचकून नायिकेकडे पाहते. नायिका निवांत जेवत असते. "काय झालं?" ती विचारते. "पाऊस आहे नुसता."

घर गेलं होतं. चाळीस खोल्यांच्या बदल्यात आई, गल्ली, छप्पर, सगळं एकदम गेलं होतं, आणि तिला ते गेल्याचंही माहीत नव्हतं, म्हणून शेकोटीपाशी ती हसत होती. निवेदन तिचंच. जे तिला आठवत नाही ते ती आपल्याला सांगणार कुठून?

मी तरीही हट्ट धरला. भाचीला म्हटलं, हे पहिल्याच भागात निदान एका ओळीत सुचवायला हवं होतं, वाचकाला वर्षभर अंधारात ठेवणं बरं नाही. तिनं माझ्या हातात पहिला भाग दिला. पान ३९१ वर पिवळी चिठ्ठी होती. शेकोटीचा प्रसंग. बोलका मुलगा विचारतो, "आता घरी जायचं ना?" आणि नायिका हसून म्हणते, "कोणाच्या?"

मी ती ओळ वाचली होती. विनोद समजून पुढे गेले होते.